घरची सरकी आणि विकतचे बी

मृग नक्षत्र जवळ आले की आमच्या जामसांवलीच्या शिवारात आणि सौंसरच्या बाजारपेठेत एकाच गोष्टीची चर्चा चालते, ती म्हणजे बियाण्याची. मंगळवारी आणि शनिवारी मारुतीच्या दर्शनाला नागपूरकडून येणाऱ्या भाविकांची वर्दळ एकीकडे, आणि कृषी केंद्रांच्या दारात सरकीच्या पाकिटांसाठी उभी राहिलेली शेतकऱ्यांची रांग दुसरीकडे, असे दृश्य दरवर्षी दिसते. अशाच एका वर्षी, शाळा नुकतीच उघडली असता, आठवीच्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, "सर, घरची सरकी पेरली तं गुन्हा होते का जी?" वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही, कारण या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. इतिहास शिकविणाऱ्या माणसाला अशा वेळी एकच मार्ग सुचतो. मागे जायचे आणि ही शंका त्या मुलाच्या मनात आली तरी कोठून, हे पाहायचे. त्या शोधात जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पेटंट, म्हणजे शासकीय परिभाषेतील एकस्व, हा मुळात एक करार आहे. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती लपवून न ठेवता कागदावर मांडून सर्वांना सांगावी, आणि त्या मोबदल्यात सरकारने ठरावीक वर्षांपर्यंत तिचा लाभ त्याला एकट्याला घेऊ द्यावा. मुदत सरली की ती युक्ती सर्वांची. हिंदुस्थानात असा कायदा प्रथम १८५६ साली झाला. त्यासाठी राणीची पूर्वसंमती घेतली नव्हती म्हणून तो पुढल्याच वर्षी रद्द झाला आणि १८५९ मध्ये पुन्हा करावा लागला. या कायद्याखाली पहिला अर्ज ३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्यात जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी केला, आणि तो होता पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. कलकत्त्याचा मार्च महिना ज्याने भोगला आहे त्याला या निवडीचे आश्चर्य वाटणार नाही.

या कराराची पहिली मोठी फजिती झाली ती कापसातच, आणि तीही अमेरिकेत. बोंडातून कापूस वेचला तरी सरकीला चिकटलेला तंतू सहजासहजी सुटत नाही. आपल्याकडे दोन लाटांमधून कापूस पिळून सरकी वेगळी काढणारा हातचरक शतकानुशतके चालत आला होता. अमेरिकेतील आखूड धाग्याच्या कापसाला मात्र तो पुरा पडेना. एली व्हिटनी या तरुणाने तारेचे दाते बसविलेले फिरते नळकांडे करून ही अडचण सोडविली आणि १४ मार्च १७९४ रोजी त्याला एकस्व मिळाले. व्हिटनी आणि त्याचा भागीदार यांनी यंत्रे विकली नाहीत. शेतकऱ्याचा कापूस आपल्या गिरणीत स्वच्छ करून द्यायचा आणि त्यातील दोन पंचमांश वाटा मजुरी म्हणून ठेवून घ्यायचा, असा त्यांचा बेत होता. हा भाव कोणाला परवडणार? शिवाय यंत्र इतके सोपे की गावच्या सुताराने आणि लोहाराने एकदा पाहिले की दुसरे उभे राहावे. मळेवाल्यांनी तेच केले. व्हिटनी वर्षानुवर्षे न्यायालयांच्या पायऱ्या झिजवीत राहिला, आणि त्याच्या बाजूने ठोस निकाल लागला तो १८०७ मध्ये, एकस्वाची मुदत संपत आली असताना. १८१२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मुदत वाढवून देण्याची त्याची विनंतीही फेटाळली. या यंत्राने अमेरिकेत कापसाचे क्षेत्र वाढले आणि त्या मळ्यांवर गुलामांची संख्याही वाढली. तो इतिहास निराळा असला तरी व्हिटनीचे नाव घेताना तो विसरणे योग्य नव्हे.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. जी वस्तू घरोघरी सहज नकलता येते तिच्याभोवती कायद्याचे कुंपण घालणे फार अवघड असते. आणि बियाण्याइतकी सहज नकलता येणारी वस्तू जगात दुसरी कोणती? त्यासाठी सुतारही लागत नाही. माती आणि पाऊस मिळाला की ते स्वतःच स्वतःची नक्कल करते, तीही एकाची शंभर.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकात बियाण्याच्या मालकीचा प्रश्न कोणी काढलेला दिसत नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि इंग्रजांचे लक्ष वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीकडे वळले. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचे खास कापूस आयुक्त नेमण्यात आले. हिंगणघाटच्या कापसाची कीर्ती विलायतेपर्यंत गेली. १८७७ साली नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. सरकारला चिंता होती ती गाठींतील भेसळीची. त्यासाठी मुंबई इलाख्यात १८६३ साली कायदाही झाला. पण जिनिंगमधून परत आलेली सरकी शेतकऱ्याची, तिच्यातली निवडक पेरायची, उरलेली बैलांना घालायची, यात कोणालाही वाद दिसला नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी सौंसर-पांढुर्णा भागातही हीच रीत होती, आणि आमच्याकडील वयोवृद्ध मंडळी तिच्याविषयी आजही बोलतात. पेरणीपूर्वी सरकीला शेण-माती चोळून ती मोकळी करायची, हे काम घरातील बायका करीत.

विसाव्या शतकात वारे फिरले. १९३० मध्ये अमेरिकेने कलमाने वाढविल्या जाणाऱ्या वनस्पतींना एकस्व देण्याचा कायदा केला. बीजापासून होणारी पिके तेव्हा जाणूनबुजून बाहेर ठेवली होती. १९६१ मध्ये पॅरिस येथे काही युरोपीय राष्ट्रांनी नव्या वाणांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार केला. १९८० मध्ये तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद चक्रवर्ती या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने घडविलेल्या जिवाणूला एकस्व देता येते, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी दिला. सजीव वस्तूही शोध ठरू शकते, हे तेथे मान्य झाले.

आपला देश या काळात उलट दिशेने चालला होता, आणि माझ्या मते योग्य दिशेने. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली सरकारला दिलेल्या अहवालावरून १९७० चा पेटंट कायदा घडला. शेतीच्या पद्धतींना त्यात एकस्व नव्हते, आणि अन्न व औषधे यांच्या बाबतीत वस्तूला नव्हे, केवळ ती तयार करण्याच्या रीतीला एकस्व होते. पुढे जागतिक व्यापार करारानुसार कायदा बदलावा लागला तेव्हाही, २००२ च्या दुरुस्तीने, वनस्पती, बियाणे आणि वाण यांना एकस्व मिळणार नाही असे स्पष्ट कलम घालण्यात आले. कागदावर पाहिले तर त्या मुलाच्या वडिलांना भिण्याचे काही कारण नव्हते.

परंतु श्रोतेहो, कागदावर कुंपण नसले तरी शेतात ते उभे राहत होते. त्याची सुरुवात ज्या घटनेने झाली ती मोठ्या अभिमानाची आहे, हे मला विशेष वाटते. १९७० सालीच, म्हणजे पेटंट कायदा झाला त्याच वर्षी, सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. चंद्रकांत पटेल यांनी 'एच-४' हा कापसाचा संकरित वाण दिला. व्यापारी प्रमाणावर पिकविला गेलेला कापसाचा हा जगातील पहिला संकर होय. कापसाच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. म्हणून संकर करायचा तर आदल्या संध्याकाळी कळी उकलून तिचे पुंकेसर हाताने खुडावे लागतात आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग आणून तिच्यावर लावावा लागतो. एकेका फुलाला हे करायचे. अमेरिकेला हे परवडण्यासारखे नव्हते. आपल्याकडे मजुरी स्वस्त म्हणून ते परवडले. त्या शेतांत बायकांबरोबर कित्येक लहान मुलींचे हात राबले, ही या यशाची काळी बाजू आहे. पुढे नांदेडच्या केंद्राचा 'एनएचएच-४४' विदर्भात घरोघरी पोहोचला. उत्पन्न वाढले, यात शंका नाही.

पण संकरित बियाण्याचा एक धर्म आहे. तो प्रथम उलगडला ब्र्यून गावच्या मठात वाटाण्याची झाडे मोजीत बसलेल्या ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टीनियन संन्याशाने, आणि त्याने तो १८६६ मध्ये छापून सर्वांना मोकळा केला. पहिल्या पिढीत सारी झाडे सारखी आणि जोमदार येतात. त्यांचेच बी पुन्हा पेरले तर दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण विखरून बाहेर पडतात. एक झाड उंच, एक खुजे, एकाला बोंडे आधी, एकाला मागाहून. म्हणजे घरची सरकी पेरायला कोणी मनाई केली नव्हती, परंतु ती पेरण्यात शहाणपण उरले नव्हते. व्हिटनीला जे दहा-बारा वर्षांच्या खटल्यांनी साधले नाही ते संकराने एका पिढीत साधले. नक्कल करणे निष्फळ झाले, आणि शेतकरी दरवर्षी दुकानाच्या दारात उभा राहू लागला.

प्रारंभी हे दुकान बहुतांशी सरकारी संशोधनावर चालत होते, म्हणून कोणाला काही वाटले नाही. पुढे खासगी कंपन्या आल्या. त्यांत जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली स्थापलेल्या 'महिको'चे नाव अग्रभागी आहे. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि मराठवाड्यातील एका कर्तबगार माणसाचा तो सन्मान यथायोग्य होता. याच कंपनीने अमेरिकेच्या मोन्सँटोशी भागीदारी केली आणि बोंडअळीला मारक ठरणारे जिवाणूतील जनुक कापसात आले. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली.

येथे एक गोष्ट मी मुद्दाम सांगणार आहे, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. त्या पहिल्या जनुकाला भारतात एकस्वच नव्हते. तरीही साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सुमारे सोळाशे रुपये होती आणि तिच्यात तंत्रज्ञानाच्या शुल्काचा वाटा सर्वांत मोठा होता. एकस्व नसताना हे शुल्क कशाच्या बळावर घेतले जात होते? कंपन्यांच्या आपसातील करारांच्या, आणि जनुक केवळ संकरित वाणातच घातले होते त्याच्या. ज्या देशांत तेच जनुक सरळ वाणांत दिले गेले तेथे शेतकरी निदान बी राखून ठेवू शकत होता, म्हणून तेथे त्याला कायद्याने आणि लेखी करारांनी बांधावे लागले. आपल्याकडे त्याची गरजच पडली नाही. मुलाने विचारलेल्या गुन्ह्याचे उत्तर मी कायद्याच्या पुस्तकात शोधीत होतो, आणि ते वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात होते.

किमतीविरुद्ध पहिली तक्रार आंध्र सरकारने केली, आणि २००६ मध्ये पाकीट साडेसातशे रुपयांवर आले. महाराष्ट्राने २००९ साली सरकीच्या किमतीचा स्वतंत्र कायदा केला. आम्हा सौंसरकरांना राज्याची सीमा म्हणजे काय हे अशा वेळी कळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. भाषा, सोयरीक आणि बाजार मात्र तेच राहिले. कायदे तेवढे दोन झाले. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने सर्व देशासाठी किंमत नियंत्रणाचा आदेश काढला, पुढच्या हंगामात दोन जनुकांच्या पाकिटाचा भाव आठशे रुपये ठरला, आणि त्यात तंत्रशुल्क अवघे एकोणपन्नास रुपये राहिले. २०२० मध्ये ते शून्य झाले.

दुसऱ्या जनुकाचे एकस्व मात्र मोन्सँटोने २००८ मध्ये मिळविले होते. त्यावरून हैदराबादच्या नुझिवीडू कंपनीशी खटला उभा राहिला. बियाण्याचा भाग झालेल्या जनुकाला आपल्या कायद्यात एकस्व मिळू शकत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये म्हटले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला सारून, पुरावा घेतल्यावाचून अशा गहन प्रश्नाचा निकाल लावता येणार नाही, असे सांगून प्रकरण परत पाठविले. २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. दोन व्यापाऱ्यांचे भांडण मिटले आणि लोकांचा प्रश्न तसाच अनुत्तरित राहिला.

सरकारी संशोधकांनी काहीच केले नाही असे नव्हे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी 'बिकानेरी नरमा' हा सरळ वाण बीटी जनुकासह तयार करून २००९ मध्ये शेतकऱ्यांना दिला. त्याचे बी घरी राखता येणार होते. परंतु त्यात मोन्सँटोचेच जनुक आढळले. बियाणे मागे घ्यावे लागले आणि चौकशी समिती बसली. ही चूक कशी झाली याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला खेद वाटतो तो ज्या वर्षांत ते काम सर्वांत उपयोगी पडले असते ती वर्षे हातची गेली याचा. अलीकडे सरळ वाण पुन्हा पुढे येत आहेत, पण मधल्या काळात गुलाबी बोंडअळीने त्या जनुकाला जुमानणे सोडून दिले होते. २०१७ च्या हंगामात विदर्भाने ते भोगले.

आतापर्यंत मी शेतकऱ्याला गिऱ्हाईक म्हणूनच दाखविले. पण शेतकरी हा शोधकही असतो, आणि तेव्हा त्याच्या शोधाचे काय होते? चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे लहानसे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या धानात पिवळसर दाण्याच्या तीन निराळ्या लोंब्या दिसल्या. शेत दीड एकराचे, शिक्षण तिसरीपर्यंतचे. त्यांनी त्या लोंब्या वेगळ्या काढल्या, वर्षामागून वर्षे निवडून पेरल्या, आणि बारीक दाण्याचा, उत्तम चवीचा एक वाण सिद्ध केला. व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' म्हटले. बियाणे हातोहात पसरले. १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बी नेले आणि १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण प्रसारित केला. आम्ही त्या बियाण्याचे शुद्धीकरण केले, ही विद्यापीठाची भूमिका होती. मूळ माणसाला श्रेय मिळाले नाही, हे दादाजींचे म्हणणे होते. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते त्यांना पुरस्कार मिळाला. ३ जून २०१८ रोजी ते वारले तेव्हाही त्यांचे दारिद्र्य संपलेले नव्हते. हा वाण सरळ होता. तो कोणालाही पेरता येत होता, म्हणूनच तो सर्वांचा झाला आणि म्हणूनच दादाजींच्या हाती काही राहिले नाही. बियाणे मोकळे असावे असे मी या भाषणात सुचवीत आलो आहे. दादाजींच्या घराकडे पाहून ते म्हणायला जीभ अडखळते, हेही मला कबूल केले पाहिजे.

या दोन्ही बाजू सांभाळण्यासाठी २००१ साली संसदेने वाणांच्या संरक्षणाचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. नव्या वाणाची नोंद कंपनीच्या नावाने होऊ शकते तशी शेतकऱ्याच्याही नावाने होऊ शकते. आणि नोंदलेल्या वाणाचे बी असले तरी शेतकऱ्याने ते राखावे, पेरावे, पुन्हा पेरावे, शेजाऱ्याशी बदलावे, विकावेसुद्धा. छापील नाममुद्रेच्या पाकिटात घालून विकता येणार नाही, एवढेच बंधन. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातच्या काही शेतकऱ्यांवर बटाट्याच्या वाणासाठी दावे लावले आणि देशभर ओरड होताच मागे घेतले, तेव्हा या कलमाची आठवण पुष्कळांना झाली.

तेव्हा दुसऱ्या आठवड्यात मी त्या मुलाला उत्तर दिले. घरची सरकी पेरणे हा गुन्हा नाही. ज्याला आपल्याकडे 'चोर बीटी' म्हणतात, म्हणजे तणनाशक सहन करणारे, सरकारची परवानगी नसलेले बियाणे, ते विकणे बेकायदा आहे. तेही एकस्वाच्या कायद्याने नव्हे, पर्यावरणाच्या कायद्याने. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी ते जाहीरपणे पेरून कायदेभंग केला होता, हेही त्याला सांगितले. मुलाने ऐकून घेतले आणि विचारले, "मंग बाबा घरची काऊन नाई पेरत?"

त्याला मेंडेल समजावून सांगण्यापेक्षा आम्ही शाळेच्या कुंपणालगत त्याच्या घरची वीस सरकी टोचली. सतरा उगवल्या. दिवाळीपर्यंत एक झाड माझ्या खांद्याला लागले होते आणि एक गुडघ्याच्या वर गेले नव्हते. सहा झाडांची बोंडे फुटली होती, इतरांची अजून हिरवी होती. त्याने प्रत्येकाची उंची आणि बोंडांची संख्या वहीत लिहून ठेवली, आणि जे झाड त्याला सर्वांत चांगले वाटले त्याच्या खोडाला लाल दोरा बांधला.